‘चिप’ सापडतं, ‘चिपळू’ गायब: ल्युसीनमधल्या शोधाचा माझा अनुभव

ल्युसीन म्हणजे मजकुरात शोध घेणारी जावा लायब्ररी. तिचा इंडेक्स (शोधायच्या शब्दांची सूची) तयार करणं, त्यात नोंदी भरणं हे सगळं सुरळीत पार पडलं, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. अडलं ते शोधाच्या चौकटीत. त्याचा राग अजून उतरलेला नाही.

काम होतं रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका बागायतदार संस्थेचं. आंबा बागायतदारांची यादी, प्रत्येक नोंदीत नाव, गाव आणि वाडी. हंगामात फोन थांबत नाहीत, त्यामुळे ऑफिसातल्या ताईंनी दोन-तीन अक्षरं टाइप केली की माणूस समोर यायला हवा. म्हणून प्रीफिक्सक्वेरी, म्हणजे टाइप केलेल्या अक्षरांनी सुरू होणारे शब्द शोधणारी क्वेरी. देवनागरीसाठी तयार मिळणारा हिंदी ॲनालायझर (मजकुराचे शब्द पाडून ते साठवण्याजोगे करणारा भाग) लावला आणि पावस, जयगड, गुहागर झटक्यात आले.

मग ताईंचा फोन. “दादा, ‘चिप’ लिहिलं की सगळे येतात, ‘चिपळू’ केलं की एकही नाही. पुढे ‘चिपळूण’ पूर्ण केलं तरी नाही.” राजापूरचंही तेच, ‘राजापू’पाशी यादी रिकामी. ‘रत्ना’ला तर काहीच नाही, आणि तेही रत्नागिरीत बसून! एररचा मागमूस नाही. शून्य निकाल हे त्या लायब्ररीच्या दृष्टीने बरोबर उत्तरच असतं, आणि मला सर्वात जास्त छळलं ते यानेच. काही तुटलं असतं तर निदान कुठे बघायचं ते कळलं असतं.

शेवटी इंडेक्स आतून दाखवणारं ल्यूक हे साधन उघडून त्यात प्रत्यक्ष कोणते शब्द साठलेत ते पाहिलं. तिथे ‘चिपळुण’ होतं, ऱ्हस्व. रत्नागिरीच्या जागी ‘रतनागिर’. ॲनालायझरमधलं हिंदी नॉर्मलायझेशन (वेगवेगळी लेखनं एकसारखी करणारी पायरी) दीर्घ ई-ऊकार ऱ्हस्व करतं, हलन्त काढून टाकतं, आणि शेवटची वेलांटी स्टेमर, म्हणजे प्रत्यय छाटणारा भाग, कापतो. साठवताना शब्दावर हे सगळे संस्कार होतात, पण हाताने बांधलेली प्रीफिक्सक्वेरी ॲनालायझरकडे जातच नाही. टाइप केलेलं जसंच्या तसं जुळवून पाहिलं जातं. ‘रत्ना’मधला हलन्त इंडेक्समध्ये नाहीच, तर जुळणार काय?

त्याच स्टेमरने दुसरा घाव घातला. हिंदीत ‘कर’ हा क्रियापदाचा प्रत्यय, म्हणून तो शब्दाच्या शेवटचा ‘कर’ छाटतो. कोकणात! पावसकर साठला ‘पावस’ म्हणून. ‘पावस’पर्यंत माणूस दिसतो, ‘क’ उमटला की नाहीसा. निम्म्या यादीची आडनावं अशी लंगडी झालेली पाहून मी संतापलो होतो.

उपाय छोटा निघाला. स्टेमर पूर्ण काढा. मजकुराचे शब्द पाडणारा स्टँडर्ड टोकनायझर आणि पुढे इंडिक व हिंदी नॉर्मलायझेशन एवढीच साखळी कस्टम ॲनालायझरमध्ये बांधा आणि इंडेक्स नव्याने भरा. क्वेरी बांधण्याआधी टाइप केलेला तुकडा त्याच ॲनालायझरच्या नॉर्मलाइझ मेथडमधून काढा आणि जे येईल त्याची प्रीफिक्सक्वेरी करा. ॲनालायझरचा क्लास स्वतः लिहिला असेल तर ही मेथडही स्वतः ओव्हरराइड करावी लागते, नाहीतर ती काहीच करत नाही. यात एक फायदा अनायासे मिळाला. कऱ्हाडकर कोणत्याही कीबोर्डवरून, कोणत्याही ‘ऱ्ह’ने लिहा (दिसायला सारखा असला तरी तो आतून वेगवेगळ्या कोडने साठतो), सगळे एकाच जागी येतात. याचा मला मनापासून अभिमान आहे.

अनेक फील्डमध्ये (रकान्यांत) एकदम शोधणं त्यामानाने सोपं. ‘साव पाव’ लिहिलं तर पावसचा सावंत हवा. प्रत्येक शब्दासाठी नाव, गाव, वाडी या तिन्हींवर शुड (यांपैकी कुठेही चालेल), आणि शब्दाशब्दांमध्ये मस्ट (प्रत्येक हवाच), अशी बूलियनक्वेरी बांधा. उलट केलंत, म्हणजे फील्डना मस्ट लावलंत, तर एकच शब्द तिन्ही रकान्यांत असलेला बागायतदार शोधत बसाल.

किमान किती अक्षरांनंतर शोध सुरू करायचा ही अट घालताना जपा. जावा ‘सा’ची लांबी दोन मोजतं, काना वेगळा धरला जातो. मी अट तीनची ठेवली.

आणि प्रीफिक्सक्वेरी सगळ्या निकालांना सारखेच गुण देते, त्यामुळे ‘पावस’ लिहिल्यावर पावस गावाआधी पावसकर येऊ शकतात. पूर्ण शब्दच जुळवणारी टर्मक्वेरी बूस्ट (जादा गुण) देऊन शुडमध्ये जोडली, की नेमकी जुळणी वर येते.