तीन कागद, एकच मुलगा

आज टेबलावर तीन कागद शेजारीशेजारी ठेवले. मुलांच्या भावना आणि वर्तन तपासणारी तीच 25 प्रश्नांची एसडीक्यू प्रश्नावली. एक आईने भरलेली, एक वर्गशिक्षकांनी, एक त्या 14 वर्षांच्या पोराने स्वतः. आईच्या कागदावर राग, सरांच्या कागदावर मारामारी. त्याच्या कागदावर मात्र काळजीच्या प्रश्नापुढे 'अगदी खरं', तेही खोडून पुन्हा केलेलं.

दंगा करणारी मुलं सगळ्यांना दिसतात, आतल्या आत कुढणारी दिसत नाहीत, हे मीच सगळ्यांना सांगत फिरते. आणि फाइलवर 'वर्तनसमस्या' लिहून मोकळी झाले होते! प्रश्नावलीच्या नुसत्या गुणांवरून निदान होत नाही, बोलावंच लागतं.

"झोप लागते का रे?"

बराच वेळ पेनचं टोपण काढघाल करत राहिला.

"नाही मॅडम. बाबा घरी येईपर्यंत जागाच असतो."