आठव्या महिन्यातलं बाळ: पेटीपासून घरापर्यंत

पोटात ३२ आठवडे पूर्ण, जन्मवजन १४६० ग्रॅम. फाईलच्या पहिल्या पानावरचे हे दोन आकडे पाठच झाले, कारण पुढे दुधाचं माप, औषधाचा डोस, डोळ्यांच्या तपासणीची तारीख, अगदी बाळ हसायला कधी लागेल हेसुद्धा त्यांवरूनच काढावं लागलं. ‘सातव्यातलं जगतं, आठव्यातलं जगत नाही’ हे बाळ पेटीत असतानाही ऐकवलं गेलं. ते साफ उलटं आहे. पोटातल्या एकेका आठवड्याने फुफ्फुसं, मेंदू, आतडी तयार होत जातात. आठव्यातल्या बाळाची बाजू सातव्यातल्यापेक्षा भक्कमच असते.

माझं बीपी १६०/११० च्या वर गेलं, लघवीत प्रथिनं उतरली, म्हणून सिझर लवकर करावं लागलं. आधी हाताशी असलेल्या दोन दिवसांत डेक्सामेथासोनची ४ इंजेक्शनं झाली, प्रत्येकी ६ मिलीग्रॅम, बारा-बारा तासांनी. ती आईला टोचतात, पण असतात बाळासाठी. फुफ्फुसातल्या हवेच्या पिशव्या दर श्वासाला मिटू नयेत म्हणून आतून एक साबणासारखा थर लागतो, सरफॅक्टंट. तो लवकर तयार व्हावा म्हणून ही धडपड. दिवस भरायच्या आत बाळंतपणाची चिन्हं दिसली, तर सोबतच्या माणसाने डॉक्टरांना ‘फुफ्फुसांची इंजेक्शनं झाली का?’ एवढं जरूर विचारावं. आमच्या बाळाला नाकातून दाबाने हवा देणारं सीपॅप दोनच दिवस लागलं.

पेटीतलं काम डॉक्टर-नर्स करतात. आईकडे येतं ते दूध काढणं, आणि त्याला बदली माणूस नाही.

मी पहिल्यांदा दूध काढलं ते सिझरनंतर पाच तासांनी, हाताने. पहिले दोन दिवस चीक थेंबाथेंबानेच येतो. वाटीत घेतला तर वाटीलाच लागून राहतो, म्हणून २ मिलीची बिनसुईची सिरिंज धरायची आणि थेंब दिसला की ओढून घ्यायचा. पहिल्या खेपेला अर्धा मिली निघाला. तोही वाया जात नाही. नर्स तो बाळाच्या गालांना आतून लावते. पद्धत अशी: अंगठा वर, पहिलं बोट खाली, निपलपासून साधारण ३ सेंटीमीटर मागे. आधी छातीच्या दिशेने दाबायचं, मग बोटं एकमेकांकडे आणायची, मग सोडायचं. निपल ओढायची नाही, कातडीवर बोटं घासायची नाहीत. काहीच येत नसेल तर बहुतेक वेळा बोटं फार पुढे आलेली असतात. दुखत असेल तरीही तेच.

दिवसरात्र मिळून ८ ते १० वेळा काढावं लागतं, आणि त्यातली एक वेळ तरी मध्यरात्रीनंतरची हवी, कारण दूध तयार करणारं प्रोलॅक्टिन रात्री जास्त असतं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी पान्हा फुटतो. दोन आठवड्यांनी दिवसाला ५०० मिलीच्या आसपास जायचं हे लक्ष्य. बाळ तेव्हा त्याच्या निम्मंसुद्धा पीत नाही, आणि इथेच फसायला होतं. दूध उरतंय म्हणून मी आठव्या दिवसापासून रात्रीच्या दोन वेळा सोडल्या. चार दिवसांत ४०० मिलीवरून २८० वर आलं, आणि परत चढवायला आठवडा गेला. स्तन रिकामा होतो तेवढंच शरीर पुढे बनवतं. साचून राहिलं की उत्पादन कमी करतं. दूध दाटून गाठी आल्या तर आधी ओलं कोमट फडकं, मग गाठीकडून निपलकडे हलका हात, मग काढणं. लाली आणि ताप आला तर डॉक्टर. पण तेव्हाही काढणं थांबवायचं नाही.

प्रत्येक डबीवर नाव, तारीख, वेळ. बाहेर ४ तास, फ्रिजमध्ये आमच्या एनआयसीयूच्या (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागाच्या) नियमाने २४ तास, तेही आतल्या कप्प्यात. दारात नाही, तिथे तापमान सारखं वरखाली होतं. कोमट करायला गरम पाण्याच्या पातेल्यात डबी ठेवायची. गॅसवर किंवा मायक्रोवेव्हमध्ये नाही. साय वर येते, ती हलक्या हाताने गोल फिरवून मिसळून घ्यायची. साय डबीलाच चिकटून राहिली तर बाळाला मिळायच्या उष्मांकांतला मोठा वाटा तिथेच गेला. आईचं दूध पुरत नसेल तर दूध पेढीबद्दल विचारावं. आशियातली पहिली पेढी १९८९ साली मुंबईत, शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात सुरू झाली. आता इतरही शहरांत आहेत.

माप कसं निघतं ते एकदा समजून घेतलं की नर्सच्या वहीतले आकडे कोड्यासारखे वाटत नाहीत. सुरुवातीला दर दोन तासांनी ५ मिली, बाकीची गरज सलाईनमधून. मग रोज थोडं वाढवत पूर्ण मापावर, म्हणजे किलोमागे दिवसाला १५० ते १८० मिली. आमचा हिशोब: १.४६ × १६० = सुमारे २३४ मिली, भागिले १२ वेळा, म्हणजे दर खेपेला साडेएकोणीस. वजन सुरुवातीला उतरतं, पण जन्मवजन परत येईपर्यंत हिशोब जन्मवजनावरच धरतात. पूर्ण दूध पचू लागल्यावर आमच्याकडे दुधात फोर्टिफायरची पूड घालायला सांगितली. आईच्या दुधात या बाळांना हवी तेवढी प्रथिनं, कॅल्शियम आणि फॉस्फरस नसतं. ती पाकिटावरच्या मापानेच मिसळायची, आणि पाजायच्या जरा आधी.

चोखणं, गिळणं आणि श्वास घेणं यांचा मेळ पोटातले आठवडे धरून साधारण ३४ आठवड्यांना बसतो. तोवर तोंडातून पोटात घातलेली नळी. त्यानंतर बोंडलं. आजीच्या फडताळातलं चांदीचं बोंडलं आणि एनआयसीयूतलं स्टीलचं ‘पलाडाय’ एकाच जातीची भांडी. बाळाला दुपट्यात गुंडाळून अर्धवट बसतं धरायचं, बोंडल्याची चोच ओठाच्या कोपऱ्यात टेकवायची आणि दूध ओठांना लागेल एवढंच वाकवायचं. ओतायचं नाही. बाळ जिभेने ओढून घेतं. गिळल्याचं दिसलं की पुढचं. गळ्यावर सांडलेलं दूध पोटात गेलेलं नसतं, म्हणून गळ्याखाली घडी घातलेलं फडकं ठेवायचं आणि त्यात भिजलेलं मापातून वजा धरायचं. वीस मिनिटांत संपत नसेल तर बाळ दमलंय, उरलेलं नळीतून. ओठ काळपटले किंवा श्वास अडला की लगेच थांबायचं. बाटली आणली नाही.

याच दिवसांत, दूध काढून रिकाम्या केलेल्या स्तनाला बाळ लावायचं. पोट भरायला नव्हे, सवयीला. नंतर दिवसातून दोन वेळा अंगावर, वर बोंडल्याने पुरवणी. हळूहळू प्रमाण उलटवत नेलं. घरी आल्यावरही तीन आठवडे पुरवणी चालू होती.

छातीवर घेणं, म्हणजे कांगारू पद्धत. १९७८ मध्ये कोलंबियातल्या बोगोटात, पेट्या अपुऱ्या पडत होत्या म्हणून ती सुरू झाली. तिला अजून ‘पेटी नसेल तर’ अशी दुय्यम वागणूक मिळते, ती चुकीची. दिल्लीचं सफदरजंग रुग्णालय धरून पाच देशांत एक मोठी चाचणी झाली. १००० ते १७९९ ग्रॅमच्या बाळांना जन्मानंतर लगेच, तब्येत स्थिर व्हायची वाट न पाहता, छातीवर घेतलं, तेव्हा पहिल्या २८ दिवसांतले मृत्यू २५ टक्क्यांनी कमी झाले. २०२१ साली ते प्रसिद्ध झालं. जागतिक आरोग्य संघटना आता दिवसाला ८ ते २४ तास सांगते.

बाळाला फक्त टोपरं, लंगोट आणि मोजे. दोन्ही स्तनांच्या मध्ये उभं, पाय बेडकासारखे दुमडलेले, मान एका बाजूला आणि किंचित वर. हनुवटी छातीला टेकली तर श्वासनलिका दबते. दर थोड्या वेळाने बघायचं ते हेच. सुती ओढणीचा पट्टा बाळाच्या कानाखाली येईल असा बांधायचा, छातीवर घट्ट, पोटावर सैल, कारण ही बाळं पोटाने श्वास घेतात. एका बैठकीला किमान एक तास. दहा-दहा मिनिटं काढ-घाल केल्याने बाळ उलट दमतं. बाबाच्या छातीवरही तितकंच चालतं. आमच्याकडे रात्री अकरा ते दोन ही पाळी त्यांची असे. छातीवरून उतरवल्यावर लगेच दूध काढलं तर जास्त येतं, हे मोजून पाहिलेलं आहे.

वजनाची गोष्ट जिवाला घोर लावते. आमचं पाचव्या दिवशी १३१० पर्यंत उतरलं, बाराव्या दिवशी जन्मवजन परत आलं. नंतर किलोमागे रोज १५ ग्रॅमच्या आसपास वाढ हवी, म्हणजे या वजनाला २० ते २५. एका दिवसाच्या आकड्यावर जाऊ नये. एकदा वॉर्ड बदलला आणि ‘६० ग्रॅम घट’ म्हणून सगळे हादरलो. वजनकाटा वेगळा होता. तोच काटा, तीच वेळ, पाजायच्या आधी, उघडं बाळ. सलग तीन दिवस वाढ नसेल तर मात्र कारण शोधायचं: सांडणारं दूध, वाढलेल्या वजनाप्रमाणे न वाढवलेलं माप, भांड्यात राहिलेली साय, रक्त कमी असणं, जंतुसंसर्ग. आणि सर्वांत दुर्लक्षित कारण म्हणजे थंडी. पोट गरम पण तळपाय गार, याचा अर्थ बाळ मिळालेलं दूध ऊब राखण्यात जाळतंय. काखेतलं तापमान ३६.५ ते ३७.५ अंश सेल्सिअस असायला हवं.

२० सेकंदांहून जास्त श्वास थांबला तर त्याला ॲप्निया म्हणतात. मॉनिटर वाजतो, नर्स तळपाय चोळते, बाळ पुन्हा श्वास घेतं. त्यासाठी कॅफीन सायट्रेट देतात. ते बंद केल्यानंतर सलग काही दिवस श्वास एकदाही असा थांबला नसेल तरच सुट्टीचा विषय निघतो.

डोळ्यांची तपासणी हा भाग चुकवण्यासारखा नाही, आणि तोच सर्वांत जास्त चुकतो, कारण डोळे वरून अगदी नीट दिसतात. ३४ आठवड्यांआधी जन्मलेल्या किंवा २ किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाच्या पडद्यावरच्या रक्तवाहिन्या अर्धवट असतात आणि त्या वेड्यावाकड्या वाढू शकतात. त्याला आरओपी म्हणतात. पहिली तपासणी जन्मापासून ३० दिवसांच्या आत. वेळेत सापडलं तर लेझरने दृष्टी वाचते, पडदा सुटल्यावर फारसं हातात राहत नाही. आमची २७ व्या दिवशी झाली, पुढची दोन आठवड्यांनी लिहून दिली. सुट्टीच्या गडबडीत हीच तारीख हरवते. मी ती बाबांच्या आणि मामाच्या, दोघांच्या फोनमध्ये टाकायला लावली. कानांसाठी एनआयसीयूतल्या बाळांना बेरा चाचणी लागते, म्हणजे आवाज कानाच्या नसेतून मेंदूपर्यंत पोचतो का ते पाहणारी; फक्त कान तपासणाऱ्या साध्या चाचणीवर भागत नाही.

सरकारी रुग्णालयात हे सगळं करणाऱ्यांनी जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाचं नाव घेऊन विचारावं; आजारी नवजात बाळाचे उपचार, औषधं, तपासण्या आणि ने-आण त्यात मोफत आहे.

२९ व्या दिवशी, १८२० ग्रॅमवर घरी. शेगडी, धुरी, ओवा-शेपांचा धूर बंद. या फुफ्फुसांना तो सोसत नाही. घुटी नाही, मध नाही, काजळ नाही, पाणीही नाही. अडीच किलोपर्यंत टबातली आंघोळ नाही, नुसतं पुसून घेणं. बाळाच्या आजीला हे पटवायला सर्वांत सोपं गेलं ते डिस्चार्ज कार्डावर डॉक्टरांकडून लिहून घेतल्यामुळे. मालिश चालते, हलक्या हाताने, पण नाकात-कानात तेल सोडायचं नाही. व्हिटॅमिन डीच्या थेंबांत एक खाच आहे: बाजारात १ मिलीत ४०० युनिट आणि १ मिलीत ८०० युनिट अशा दोन्ही बाटल्या मिळतात. दुकानदाराने बाटली बदलली की डोस दुप्पट किंवा निम्मा. लोहाचा डोस वजनावर असतो, म्हणून दर भेटीत तो पुन्हा काढून घ्यायचा. दूध निम्म्यावर येणं, शांत असताना मिनिटाला ६० किंवा जास्त श्वास, छाती आत ओढली जाणं, तळहात-तळपाय पिवळे दिसणं, अंग गार पडणं, यांतलं काहीही झालं तर सकाळची वाट बघायची नाही.

आता वयाची वजाबाकी. ४० उणे ३२, म्हणजे ८ आठवडे. जन्मापासूनच्या वयातून ते वजा केले की करेक्टेड वय. सहा महिन्यांचं बाळ वाढीच्या दृष्टीने चार महिन्यांचं. ओळखीचं हसू करेक्टेड दीड-दोन महिन्यांना येतं. आमच्या कॅलेंडरवर साडेतीन महिने उलटले होते. मान करेक्टेड चार महिन्यांपर्यंत धरायला हवी. लसी मात्र जन्मतारखेनेच. तिथे वजाबाकी केली तर बाळ दोन महिने विनाकारण उघडं राहतं. वजाबाकीच्या आड लपूही नये: करेक्टेड चार महिन्यांनंतरही मुठी घट्ट, अंगठा आत, पाय कात्रीसारखे एकमेकांवर जात असतील, किंवा वर्षाच्या आत बाळ एकच हात वापरत असेल, तर ‘लवकर झालेलं आहे, होईल हळूहळू’ म्हणत बसायचं नाही. जिल्हा रुग्णालयांत शीघ्र हस्तक्षेप केंद्रं असतात, तिथे फिजिओथेरपी सुरू होते.

वरचं अन्न करेक्टेड चार महिन्यांच्या आत नाही. पुढे मान स्थिर आहे का, बाळ जिभेने घास बाहेर ढकलत नाही ना, हे पाहून डॉक्टर सांगतात. तांदूळ आणि मूगडाळ भाजून केलेली भरड, नाचणीसत्त्व, वर चमचाभर तूप. चमचा तिरका केला तर ओघळू नये इतकं दाट. वरणाचं पाणी हे पाणीच, त्याने पोट भरतं आणि वजन थांबतं.

करेक्टेड वय दोन वर्षं झालं की वजाबाकी बंद. आरओपी नव्हतं तरी चष्मा आणि तिरळेपणा या बाळांत जास्त दिसतो, म्हणून पहिल्या वर्षाअखेरीस डोळे पुन्हा तपासून घेतले आणि शाळेआधीची तपासणी कार्डावर लिहून ठेवली.