रापणीवरचा लेख

दिवाळी अंकांची परंपरा १९०९ सालापासूनची; त्यात लिहायची माझी मात्र ही पहिलीच वेळ. मे महिन्यात संपादकांचा फोन आला : रापणीवर लिहा, बाराशे शब्द. मी मालवणची, रापण, म्हणजे किनाऱ्यावरून माणसांनी ओढायचं मासेमारीचं मोठं जाळं, घरासमोरच लागते. म्हटलं, आठ दिवसांत देते. लागले अडीच महिने.

पहिला खर्डा एकोणीसशे शब्दांचा झाला. सुरुवातीलाच फेसाळत्या लाटा, सोनेरी वाळू, केशरी क्षितिज. मला फार आवडला होता (घरच्यांनाही, पण ते धरायचं नसतं). शेजारच्या आबांना वाचून दाखवला. त्यांचा जन्म रापणीत गेलेला. दोन पानं गप्प बसले, मग म्हणाले, "गो, पण मासे खंय आसत?"

मासे तिसऱ्या पानावर होते.

दुसऱ्या दिवशी पहाटे वही न घेता किनाऱ्यावर गेले. जाळं सोडत होडी अर्धवर्तुळ घेऊन परत आली, दोन्हीकडच्या दोरांना माणसं लागली, मीही हात लावला. टाचा वाळूत रुतवत मागे मागे जायचं. शेवटच्याने दोर सोडून पाण्याशी जायचं आणि पुन्हा धरायचा. तोंड समुद्राकडेच, पण क्षितिज बघायला सवड कुणाला? नजर पुढच्याच्या पाठीवर. त्याच्या बनियनला तारलीचे कालचे खवले चिकटलेले. घरी येऊन क्षितिज काढलं, खवले घेतले.

मग भाषा. 'दोर ओढण्याचे काम मच्छीमारांकडून करण्यात येते' असं मी खरंच लिहिलं होतं! वीस वर्षं कचेरीत टिपणं लिहिल्यावर दुसरं काय होणार? त्याचं 'दोर ओढतात' केलं. सहा शब्दांचे दोन. मोठ्याने वाचताना जिथे दम लागला तिथे वाक्य तोडलं. 'अतिशय' आणि 'खूपच' सरसकट गेले. शुद्धलेखन मात्र अगदी शेवटी बघावं. मी आधी ऱ्हस्व-दीर्घ तपासत बसले आणि नेमकी तीच वाक्यं पुढे कापली गेली.

मालवणी संवादांवर अडलं. संपादकांना ते प्रमाण मराठीत हवे होते. 'मासे कुठे आहेत?' असं आबा या जन्मी म्हणणार नाहीत, एवढंच मी सांगितलं. निवेदन प्रमाणात, बोलणं मालवणीत, असं ठरलं.

अंक आला. आबांना पुन्हा वाचून दाखवला. शेवटी वाटणी होती : ओढणाऱ्या प्रत्येकाचा वाटा, होडीचा वाटा.

"आणि जाळ्याचो वाटो खंय?" आबा म्हणाले.