मुख्य पात्र आजी की नातू?

ऐरोलीजवळच्या एका मराठी माध्यमाच्या शाळेत मी दुसरीचा वर्ग घेते. ‘गोष्टीचे घटक’ शिकवण्यासाठी आमच्याकडे एक छापील तक्ता वापरला जातो. त्यात पात्रे, स्थळ, काळ, अडचण आणि शेवट असे पाच रकाने असतात. ससा-कासवाच्या गोष्टीला हा तक्ता चपखल बसतो आणि मुले तो बघता बघता भरूनही टाकतात, पण त्यांना गोष्ट उमगली की नुसता रकाना, हे त्यावरून ठरवता येत नाही. म्हणून या वेळी मी तक्ता कपाटातच ठेवला आणि एक चित्रपुस्तक घेऊन वर्गात गेले.

पुस्तक 24 पानांचे होते. छपाईच्या मोठ्या कागदाला घड्या घालून 8 किंवा 16 पानांचा फर्मा तयार होतो, त्यामुळे अशी पुस्तके बहुधा 16, 24 किंवा 32 पानांची असतात. एवढ्या थोड्या जागेत गोष्ट सांगायची, तर निम्मे काम चित्रांवर सोपवावे लागते आणि पुढे काय होणार हे पान उलटेपर्यंत राखून ठेवावे लागते. पडद्यावर एकामागून एक चित्रे सरकवली की ही गंमत निघून जाते, असे माझे मत आहे. त्यामुळे प्रत एकच असली तरी मी निम्म्या वर्गाला चित्रकलेच्या कामाला लावले, उरलेल्यांना अर्धवर्तुळात जमिनीवर बसवले आणि पुस्तक खालच्या कडेला धरून वाचू लागले, म्हणजे माझा हात चित्रावर येणार नाही.

या पुस्तकातले शब्द सगळे नातवाच्या तोंडचे आहेत आणि ते आनंदाने भरलेले आहेत. तो, त्याची आजी आणि त्यांचे करडू आठवडी बाजाराला निघाले आहेत. वाटेत ओढा लागतो. बाजारात भेळ मिळते. करडू विकायला नेले आहे, असे एकाही ओळीत म्हटलेले नाही. पहिल्या फेरीत मी मजकुरावर कागदाच्या पट्ट्या लावून नुसती चित्रे दाखवली, दुसऱ्या फेरीत पट्ट्या काढून वाचून दाखवले आणि मग विचारले, “या गोष्टीत अडचण कोणती?”

“अडचणच नाही, बाई. सगळे मजेत आहेत,” असे बहुतेकांचे उत्तर आले. शब्दांपुरते ते बरोबरच होते.

मी बाजाराचे जोडपान पुन्हा उघडले. त्यात गर्दीच्या कडेला दोन माणसे एकमेकांचे हात धरून उभी आहेत आणि हातांवर टॉवेल टाकलेला आहे. ते काहीतरी चोरून देत आहेत, असा आमच्या दिघा-रबाळ्याच्या मुलांचा निष्कर्ष होता. त्यावर मागच्या बाजूला बसलेला एक मुलगा उठला. त्याचे गाव सांगोल्याकडचे असून सुट्टीत आजोबांबरोबर तो जनावरांच्या बाजारात गेलेला आहे. टॉवेलाखाली बोटे धरून भाव ठरवतात, म्हणजे बाजूच्या माणसाला आकडा कळत नाही, हे त्याने शेजाऱ्याचा हात आपल्या रुमालाखाली ओढून सगळ्यांना करून दाखवले. मग तो चित्राकडे वळून म्हणाला, “हा शेळ्यांचा बाजार आहे. म्हणजे करडू विकणार!”

वर्गात एकदम कालवा झाला. ‘स्थळ’ हा रकाना एरवी आम्ही ‘जंगल’ किंवा ‘गाव’ असा एका शब्दात उरकतो. इथे मात्र स्थळ कळल्यावरच अडचण कळली होती. मुलांनी मागची पाने उलटायला लावली. करडाच्या गळ्यातली दोरी नवी कोरी आहे, घरात गळक्या छपराखाली तीन पातेली मांडलेली आहेत, आभाळात ढग आहेत, असे पुरावे भराभर पुढे येऊ लागले. ढगांवरून काळही ठरला: पाऊस तोंडावर आला आहे आणि छपराला पैसे हवे आहेत.

पण त्या दिवशी मला खरे चकित केले ते खिडकीजवळ बसणाऱ्या एका मुलीने. तिला अजून जोडाक्षरे अडतात. निपुण भारत अभियानात दुसरीच्या अखेरीस मिनिटाला 45 ते 60 शब्द वाचता यावेत असे लक्ष्य आहे, आणि त्या मोजपट्टीवर ती बरीच मागे आहे. तिने जवळ येऊन एकेक पान बोटाने दाखवले आणि सांगितले की आजी कुठल्याच चित्रात नातवाकडे बघत नाही; ओढ्यात नाही, भेळ घेऊन देतानाही नाही. मग तिने शेवटचे, शब्द नसलेले जोडपान उघडायला लावले. त्यात टेम्पोमध्ये पत्रे रचलेले आहेत आणि त्यांच्या शेजारी करडाला कवटाळून नातू झोपला आहे. पहिल्या पानावर आजीच्या मनगटात चांदीचे जाड गोठ आहेत. इथे मनगटे मोकळी आहेत.

गोठांपर्यंत कोणीतरी पोचेल, अशी माझी अपेक्षा होती. हे पुस्तक मी त्यासाठीच निवडले होते. त्यापुढचे तिचे वाक्य मात्र माझ्या पाठाच्या टाचणात नव्हते. ती म्हणाली, “बाई, मग गोष्ट आजीची आहे. त्याला तर काही माहीतच नाही.”

यावरून जो वाद झाला तो मी मुद्दाम चालू दिला. नातवाच्या बाजूने म्हणणे असे होते की गोष्ट तोच सांगतो आणि प्रत्येक पानावर तोच आहे. आजीच्या बाजूने म्हणणे असे की अडचण तिच्यापुढे आहे आणि काय विकायचे हेही तिनेच ठरवले. एकाने करडूच मुख्य पात्र असल्याचे ठासून सांगितले, कारण विकले जाणार होते ते. हा मुद्दाही अगदीच टाकाऊ नव्हता. गोष्ट सांगणारा आणि जिच्या निर्णयाने गोष्ट वळते ती व्यक्ती वेगवेगळी असू शकते, हे आपण पुष्कळ मोठ्या वयात व्याख्येच्या रूपाने शिकतो. सात वर्षांची मुले ते एका वृद्धेच्या नजरेवरून आणि मनगटावरून मांडत होती. ‘मुख्य पात्र’ आणि ‘निवेदक’ हे शब्द मी तेव्हा कुठे फळ्यावर लिहिले, कारण आता त्यांची गरज पडली होती.

दुसऱ्या दिवशी तक्ता भरून घेतला. पात्रांच्या रकान्यात कोणाला आधी लिहायचे, हे प्रत्येकाने आपापले ठरवावे आणि कारण तोंडी सांगावे, एवढाच बदल केला. त्यानंतर तीच गोष्ट आजीच्या तोंडून सांगायची होती. खिडकीजवळची मुलगी सांगत गेली आणि मी लिहून घेत गेले. तिचे पहिले वाक्य असे होते: “पत्र्यांना पैसे लागतील, पण पोराला मी अजून सांगितलेलं नाही.” आपणच सांगितलेली ती ओळ तिने नंतर जोडाक्षरासकट वाचून दाखवली, आणि सध्या तिच्या वाचनाच्या सरावासाठी मी तिचाच मजकूर वापरते.