जुना नाकवाला टाटा ट्रक घरी दुरुस्त करून उभा करताना पैसा कुठे जातो

बॉनेटवाल्या जुन्या टाटाची किंमत भंगाराच्या काट्यावर ठरते. रिकामा ट्रक चार टन धरा, भाव किलोला ३५ रुपये धरा, झाले १,४०,००० रुपये. विकणारा त्याखाली येत नाही, कारण कापून विकायची वाट त्याला मोकळीच असते. म्हणून घासाघीस कमी करा आणि कागद जास्त बघा. केंद्राने २०२१ साली पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी व्हिंटेज नोंदणी आणली, पण ती दुचाकी आणि खासगी मोटारींपुरती. ट्रक त्यात बसत नाही. रस्त्यावर आणायचा तर मालवाहू गाडीचंच फिटनेस लागतं, आणि पंधरा वर्षांवरच्या ट्रकची ती फी २०२२ पासून चांगलीच महाग झाली आहे. चेसिस नंबर घेऊन आधी आरटीओत जाऊन या, बयाणा नंतर द्या.

इंजिन कुठलं आहे ते प्लेटवर विसंबून ठरवू नका. टेल्को (आजची टाटा मोटर्स) आणि मर्सिडीजवाल्या डायम्लर-बेंझचा करार १९५४ ते १९६९ चालला, त्यानंतर नाकावरचा मर्सिडीजचा तारा जाऊन टाटांचा टी आला. पण इतक्या वर्षांत कुणी कुठलं इंजिन चढवलं असेल सांगता येत नाही. बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, मोजा. ९० मिमी भरला तर मूळ मर्सिडीजचं ओएम ३१२, ९२ असेल तर टाटा ६९२, ९७ असेल तर ६९७. पिस्टनचा संच आणून मग मोजणारे खूप आहेत, आणि दुकानदार खोललेलं पाकीट परत घेत नाही.

वर्षानुवर्षं उभं राहिलेलं इंजिन बहुधा जाम असतं. दोरी बांधून ट्रॅक्टरने ओढायचा सल्ला हमखास मिळेल, तो ऐकू नका. अडकलेल्या व्हॉल्व्हवर पुशरॉड वाकतो, पिस्टनच्या रिंगा तुटतात आणि वाचला असता तो लायनरही ओरखडतो. इंजेक्टर काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये अर्धा कप डिझेल आणि गिअर ऑइल निम्मं-निम्मं ओता, आठवडाभर मुरू द्या. मग फ्लायव्हीलच्या दात्यात पहार अडकवून मागे-पुढे थोडं थोडं हलवा. एका दिशेला जोर लावायचा नाही. सुटलं की पुन्हा तेल ओता.

चार कामं बाहेरच द्या: क्रँक ग्राइंडिंग, इंजेक्शन पंपाचं कॅलिब्रेशन, ब्रेक ड्रमला लेथवर हात मारणं आणि स्प्रिंगच्या पाट्यांना पुन्हा कमान देणं. यांना मशीन लागते, हौस पुरत नाही. क्रँक ग्राइंडिंगला देताना बेअरिंग आधी हातात असू द्या. घासलेल्या क्रँकचं अंडरसाइज बेअरिंग पाव-पाव मिलिमीटरच्या फरकाने मिळतं. क्रँक अर्ध्यावर घासला आणि बाजारात पाऊणचंच बेअरिंग मिळालं तर पुन्हा मजुरी. बाकी सगळं अंगणात होतं. हेडचे बोल्ट मधून बाहेर, तीन टप्प्यांत, टॉर्क पान्यानेच आवळा. नुसत्या हाताच्या अंदाजावर गॅस्केट सहा महिने टिकतं. आणि थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप! इकडचा प्रत्येक मिस्त्री ‘सोलापूरच्या उन्हात कशाला हवा’ म्हणून तो काढून टाकतो. तसं केलं की इंजिन धड तापतच नाही, तेलात गाळ साचतो आणि लायनर लवकर झिजतो. उन्हाळ्यात गरम होतंय ते जाम रेडिएटरमुळे. बोअरवेलच्या क्षाराच्या पाण्याने नळ्या बुजतात, म्हणून कोअर साफ करून त्यात डिस्टिल्ड पाणी आणि कूलंटच घाला.

हिशेब खरा बिघडतो तो टायरवर. ९.००-२० चा नायलॉन टायर ट्यूब-फ्लॅपसह १५ ते २० हजारांत जातो. सहा चाकं आणि स्टेपनी मिळून सात, म्हणजे लाखाच्या वर, आणि हे डोळ्यांत भरतही नाही. चाक खोलताना बोल्टच्या टोकावर एल असेल तर आटे उलटे असतात, बोल्ट तोडू नका. रिंगवाल्या चाकात हवा भरताना चाक साखळीने बांधा किंवा रिंग जमिनीकडे करून पालथं ठेवा, आणि स्वतः बाजूला उभं राहा. गंजलेली रिंग उडाली तर माणूस जातो.

ब्रेकमध्ये चुकूनही इंजिन ऑइल घालू नका, सिलिंडरचे रबर फुगून ब्रेक चिकटून बसतात. सोलापूरच्या कोरड्या हवेत पत्रा कोकणापेक्षा बरा राहतो, पण रबर मात्र वाळून कडक होतं. त्यामुळे होजपाइप, वॉशर, काचेची रबरं दिसायला धड असली तरी सगळी बदला. चेसिसच्या रिबेटांभोवती गंजाची लाल रेघ दिसली तर रिबेट ढिलं आहे. ते काढून भोक रीमरने साफ करा आणि घट्ट बसणारा हायटेन्साइल बोल्ट घाला. चेसिसच्या वरच्या-खालच्या काठावर वेल्डिंग नको, तिथेच चीर जाते.

‘ओरिजिनल कॅबिन’ शोधत बसू नका. त्या काळी बहुतेक ट्रक काऊल चेसिस म्हणून, म्हणजे कॅबिनशिवाय नुसतं नाक आणि चेसिस, असे विकले जात; कॅबिन आणि हौदा गावोगावचे बॉडीवाले लाकडाचा सांगाडा करून वर पत्रा मारत. म्हणजे तुमचा सुतार बांधेल तीही तितकीच खरी. उभे खांब सागाचे, हौद्याच्या आडव्या बाभळीच्या, फाळक्याच्या बिजागऱ्या जुन्याच. सांध्यात स्क्रू मारण्याआधी उकळलेलं जवसाचं तेल पाजा. मला विचाराल तर सगळ्या कामात मन रमतं ते इथेच: सांधा बसला की हाताला कळतं, आणि मजुरीत वाचतात तेही बरेच पैसे इथेच.

रंग नोव्हेंबर ते फेब्रुवारीत, पहाटे. एप्रिलच्या चाळिशीत फवारा पत्र्यावर पोचेपर्यंतच सुकतो आणि संत्र्याच्या सालीसारखा खरखरीत बसतो. पुट्टी दोन-तीन मिलिमीटरच्या वर गेली की हौदा हलताना तडकते, तेव्हा खड्डा आधी ठोकून काढा. रंगानंतर दिवे मंद झाले तर वायरमनला बोलावू नका. अर्थिंगचा लग रंगावर बसलाय, तेवढी जागा घासून उघडी करा.

पहिल्यांदा स्टार्ट करताना एअर फिल्टर काढून ठेवा आणि हवेच्या तोंडाशी जाड फळी घेऊन माणूस उभा करा. पंपातला डिझेल कमी-जास्त करणारा रॅक अडकला तर इंजिन बेफाम पळतं. किल्ली फिरवून ते थांबत नाही, हवा बंद केली की थांबतं. स्टार्टच्या आधी डिझेलच्या लाइनमधली एअर काढायची ती आधी डिझेल फिल्टरवरची, मग पंपावरची, शेवटी इंजेक्टरच्या नटांवरची. डिझेलचे बुडबुडे थांबले की नट आवळा.

पहिली फेरी हैदराबाद रोडला, रिकाम्या हौद्याने, दहा किलोमीटर. परतल्यावर प्रत्येक हबला हात लावा. एकच गरम लागला तर बेअरिंग जास्त आवळलंय किंवा ब्रेक चिकटतोय. चाकांचे नट पन्नास किलोमीटरवर पुन्हा आवळा, हेडचे बोल्ट इंजिन पूर्ण गार झाल्यावर, आणि टॅपेट (व्हॉल्व्हची फट) त्यानंतरच लावा, आधी नाही.