समर कॅम्पचा एक आठवडा: आठ डोकी, चोवीस तास

अमेरिकेत जूनमध्ये शाळा सुटल्या की ख्रिश्चन समर कॅम्प भरू लागतात. तळ्याकाठी लाकडी केबिन, आत बंक बेड, आणि मुलांसोबत रात्रंदिवस राहणारा काउन्सेलर. तुकडी बहुधा रविवारी दुपारी येते आणि शुक्रवारी किंवा शनिवारी जाते. प्रार्थना, गाणी, शेकोटी हे सगळं असतंच, पण काउन्सेलरचं खरं काम म्हणजे डोकी मोजणं.

काउन्सेलर म्हणून जायचं तर आधी कागदपत्रं. भारतातून थेट कॅम्पसाठी यायचं तर जे-१ व्हिसाचा काउन्सेलर प्रकार आहे: वय किमान १८, मुदत जास्तीत जास्त चार महिने. आधीच अमेरिकेत विद्यार्थी व्हिसावर असाल तर पगार नसला तरी विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय कार्यालयाला आधी विचारा, कारण फुकट राहणं-जेवण हाही मोबदला धरला जाऊ शकतो. पोलिस रेकॉर्डची तपासणी होतेच. बरेच कॅम्प काउन्सेलरकडून श्रद्धेच्या निवेदनावर, म्हणजे ख्रिश्चन श्रद्धा मान्य असल्याच्या कागदावर, सही मागतात. ते मनाला पटत नसेल तर नुसती सही ठोकू नका. स्वयंपाकघरात किंवा देखभालीच्या कामात जागा आहे का, ते सरळ विचारा.

अमेरिकन कॅम्प असोसिएशनच्या निकषानुसार मुक्कामी कॅम्पात ६ ते ८ वर्षांच्या सहा मुलांमागे एक कर्मचारी लागतो, ९ ते १४ वर्षांच्या आठ मुलांमागे एक. केबिनमधून निघताना, जेवणाआधी, जेवणानंतर आणि तळ्यावरून परतताना मोजणी करायची, तीही ओठांत आकडे न पुटपुटता एकेकाचं नाव घेऊन. एका मुलासोबत एकट्याने बंद खोलीत थांबायचं नाही. रडणाऱ्या मुलाला समजवायचं तर पायरीवर, सगळ्यांना दिसेल असं बसून.

खरी कसोटी तळ्यावर. पहिल्या दिवशी पोहण्याची चाचणी होते, मग जोड्या लावतात. पाण्यात उतरताना प्रत्येकाचा बिल्ला फळ्यावर लागतो, बाहेर येताना काढायचा, आणि ठरावीक वेळाने शिट्टी वाजली की जोडीदाराचा हात धरून वर करायचा. घोटाळा नेहमी एकाच गोष्टीने होतो: मूल बिल्ला न काढता बाथरूमला जातं. फळ्यावर बिल्ला आहे आणि मूल दिसत नाही, म्हणजे ते पाण्याखाली आहे असंच धरून सगळे शोधायला उतरतात. म्हणून बाहेर पडायच्या वाटेवर एक माणूस उभा ठेवा.

औषधं पहिल्याच दिवशी नर्सकडे जमा होतात. इनहेलर आणि अ‍ॅलर्जीचं एपिनेफ्रिन इंजेक्शन मात्र मुलाजवळ किंवा काउन्सेलरच्या पिशवीत राहू शकतं, ते कुठे आहे हे आधी विचारून घ्या. इंजेक्शन मांडीच्या बाहेरच्या बाजूला, गरज पडली तर कपड्यावरूनच द्यायचं आणि लगेच ९११ या आपत्कालीन क्रमांकावर फोन करायचा. आधी सनस्क्रीन, मग डासांचं औषध. संध्याकाळी गुडघ्यामागे, काखेत, केसांत गोचीड शोधायची; सापडली तर बारीक चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ वर ओढायची. पिळायची नाही, काडीने जाळायची नाही.

रात्रीची केबिनमधली भक्ती दहा-पंधरा मिनिटं पुरे: बायबलमधलं एक वचन, दोन प्रश्न. त्याहून लांबली की अर्धी मुलं घोरतात, उरलेली टॉर्चशी खेळतात. घरची आठवण दिवे मालवल्यावर उसळते. तेव्हा लगेच फोन जोडून देऊ नका, आवाज ऐकला की रडं वाढतं. उद्याचं एखादं ठरलेलं काम त्या मुलाच्या हाती द्या. अंथरूण ओलं झालं तर बाकीची मुलं नाश्त्याला गेल्यावर स्लीपिंग बॅग गुपचूप धुवायला पाठवा.

शाकाहारी असाल तर फॉर्मवरच लिहा. शेकोटीवर भाजायच्या मार्शमॅलोत आणि जेलोत (गोड जेलीत) प्राण्यांपासून बनलेलं जिलेटिन असतं, हे बऱ्याच जणांना खाऊन झाल्यावर कळतं.

शेवटच्या दिवशी घाई नको. मूल ज्याच्या हवाली करायचं त्याचं नाव यादीत हवं, आणि ओळखपत्र बघायचं. मूल 'मावशी, मावशी' करत धावत गेलं तरीही.