आधी कोट बघा: न्यू ऑर्लिन्सच्या जुन्या व्यक्तिचित्रांविषयी

१८३०च्या दशकातलं न्यू ऑर्लिन्सचं तैलचित्र समोर आलं की सगळ्यांची नजर आधी चेहऱ्यावर जाते. माझं सांगणं असं, की आधी कोट बघा. चित्रातला माणूस वकील असो, डॉक्टर असो, नोटरी असो, थाट साधारण एकच असतो: काळा कोट, गळ्याशी काळ्या सॅटिनचा गळपट्टा, त्याखाली शर्टाची पांढरी पट्टी, मागे तपकिरी-हिरवट सपाट रंग. चित्राचा निम्मा भाग काळा असतो आणि चित्र बिघडतं तेही बहुतेक तिथेच.

ही मंडळी क्रिओल, म्हणजे लुइझियानातच (न्यू ऑर्लिन्स ज्या प्रांतात आहे तो) जन्मलेली, फ्रेंच बोलणारी. १८०३ साली अमेरिकेने हा प्रांत फ्रान्सकडून विकत घेतला, तरी शहराचं दिवाणी कायद्याचं वळण फ्रेंच-स्पॅनिशच राहिलं. नोटरीला, म्हणजे करारनामे आणि मृत्युपत्रं लिहून जपून ठेवणाऱ्या कायद्याच्या माणसाला, तिथे मोठं वजन होतं ते त्यामुळेच. त्याआधीच्या स्पॅनिश अमलात मेक्सिकोच्या युकातानमधल्या मेरिदाहून आलेल्या सालासार या चित्रकाराने डॉक्टर मॉन्तेगू यांच्या कुटुंबाचं चित्र काढलं. पुढे फ्रेंच चित्रकार जिरोदेचा शिष्य जाँ जोसेफ व्होदशाँ १८३१ ते १८३९ या काळात हिवाळ्यांत फ्रान्सहून येऊन कामं करायचा. जाक आमाँ त्याच्या पाठोपाठ आला आणि १८५६पर्यंत राहिला. शहरातला स्वतंत्र कृष्णवर्णीय चित्रकार ज्युलियन हडसन याचं नाव या यादीत फार उशिरा घेतलं जाऊ लागलं, ते आधीच घ्यायला हवं होतं.

आता कोटाकडे. चेहरा आणि शर्ट शिशाच्या पांढऱ्याने रंगवलेले असतात. शिसं तेलाला लवकर वाळवतं आणि थर चिवट होतो. हाडांच्या कोळशाचा काळा याच्या अगदी उलट. तो तेल जास्त पितो, हळू वाळतो आणि बहुधा पातळ लावलेला असतो. कोटाच्या घड्या दाखवायला त्यावर तेल-राळेचे पारदर्शक हात दिलेले असतात. त्यात डांबरी तपकिरी मिसळला असेल तर तो भाग कधीच पुरता वाळत नाही. वरचा थर आकसतो आणि मगरीच्या कातडीसारख्या रुंद, बोथट कडांच्या भेगा पडतात. वयाने पडलेल्या भेगा बारीक, धारदार आणि अस्तरापर्यंत, म्हणजे रंगाखालच्या पहिल्या लेपापर्यंत, गेलेल्या असतात. दोन्ही भेगा भिंगाखाली बघून ओळखायला शिका, कारण त्यांचे उपाय वेगळे आहेत.

मग चित्राची पाठ बघा. फ्रान्समधून आलेला कॅनव्हास ठरावीक मापांचा असे. २५ नंबर म्हणजे जुन्या फ्रेंच इंचांत ३० × २४, साधारण ८१ × ६५ सेंमी. २० नंबर म्हणजे ७३ × ६० सेंमीच्या आसपास. पाठीवर रंगविक्रेत्याचा शिक्का असला तर त्याचा फोटो आधी काढा. मागून दुसरा कॅनव्हास चिकटवला असेल तर हा शिक्का बहुधा त्याखाली झाकला जातो. ताणचौकटीच्या, म्हणजे कॅनव्हास ताणून धरणाऱ्या लाकडी चौकटीच्या, कोपऱ्यांतल्या लाकडी पाचरी मोजा. निसटलेली पाचर खालच्या पट्टीत आणि कॅनव्हासमध्ये अडकते, पुढून फुगवटा येतो आणि नेमका कोटाच्या खालच्या कडेला रंग तडकतो. पाचर काढून दोऱ्याने चौकटीला बांधून ठेवावी.

अतिनील दिव्याखाली जुनं राळेचं वार्निश हिरवट चमकतं आणि त्यावर नंतर केलेली डागडुजी काळ्या-जांभळ्या डागांसारखी दिसते. कोटावर मात्र फसायला होतं, कारण काळा रंग मुळातच चमकत नाही. म्हणून तिरप्या उजेडात तकाकी बघा. डागडुजी मॅट किंवा जास्त चकचकीत दिसते. क्ष-किरणांत शिशामुळे कॉलर ठळक उमटते, कोट अंधारा राहतो. शर्टावर टायटॅनियमचा पांढरा सापडला तर ती जागा नंतर रंगवलेली, कारण तो बाजारात आला १९२०च्या सुमारास.

साफसफाई हा खरा धोका आहे. बांबूच्या काडीवर वाटाण्याएवढा कापसाचा बोळा फिरवतात. पाणीदार द्रावणाने, उदाहरणार्थ २ टक्के ट्रायअमोनियम सायट्रेटने, आधी करडी धूळ सुटते. मग सौम्य द्रावकापासून सुरुवात करून हळूहळू तीव्रता वाढवतात. बोळा पिवळा-तपकिरी झाला तर वार्निश निघतंय. धूळ निघून गेल्यावरही बोळ्यावर काळं आलं तर हात तिथेच थांबला पाहिजे, कारण तो कोट निघतोय. चेहरा शिशामुळे वाचतो, पण कोटाच्या घड्या एकदा गेल्या की सपाट काळी आकृती उरते. लिलावांत अशी चित्रं पुष्कळ दिसतात: चेहरा ताजा, कोट म्हणजे कागदाचा कातरलेला तुकडा. बटाटा, कांदा, पाव, ओलं फडकं यांतलं काहीही घरी वापरू नका.

दमटपणाचं सांगायचं तर तिथला उन्हाळा आपल्या कोकणातल्या पावसाळ्याच्या जवळचा. वार्निशवर निळसर-पांढुरकी साय धरते आणि काळ्यावर ती सर्वांत आधी दिसते. सापेक्ष आर्द्रता ४५ ते ५५ टक्क्यांत ठेवावी. ८० टक्क्यांच्या वर गेली की घट्ट विणलेला कॅनव्हास आकसू लागतो आणि रंगाचे पापुद्रे उचलले जातात. चित्र बाहेरच्या भिंतीवर लावू नये, शेकोटीवर तर नाहीच. मागे पुठ्ठा बसवावा, खालच्या कोपऱ्यांना सेंटीमीटरभर जाडीचे बुचाचे तुकडे लावावेत म्हणजे हवा खेळते. उजेड २०० लक्सच्या आत.

पुराचं पाणी लागलेलं चित्र उभं करू नये, उन्हात किंवा हीटरजवळ नेऊ नये आणि ताणचौकटीवरून काढू नये. रंगाची बाजू वर ठेवून ते आडवं ठेवावं, पृष्ठभागाला बोटही लावू नये. सुटलेला प्रत्येक पापुद्रा पाकिटात घालून, तो चित्राच्या कुठल्या भागातला ते वर लिहून, पाकीट चित्रासोबतच दुरुस्तीला पाठवावं.